नायक दाराशी उभा आहे

माझ्या कादंबरीचा नायक तीन वर्षं दाराशी उभा होता.

पान ११७. रात्रीच्या एस.टी.नं मुंबईहून निघून, पहाटे फाट्यावर उतरून, लाल धुरळ्यातून दोन मैल चालत श्रीधर कोकणातल्या आपल्या घरी येतो. डाव्या हातात पत्र्याची ट्रंक. डिसेंबरची थंडी. खळं ओलांडून तो पायऱ्या चढतो. 'बंद दाराची कडी वाजवण्यासाठी त्यानं उजवा हात उचलला,' असं मी एका शुक्रवारी संध्याकाळी लिहिलं, पूर्णविराम दिला आणि जेवायला उठलो. त्यानंतर तीन वर्षं तो हात काही खाली आला नाही.

या तीन वर्षांत आमच्या इमारतीला रंग लागला, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या दोनदा बदलल्या, नातू सातवीतून दहावीत गेला. श्रीधर आपला हात वर करून उभा. तसा पांडुरंगही अठ्ठावीस युगं उभा आहे म्हणा. पण त्याचे हात निदान कमरेवर आहेत आणि दर्शनाला माणसं येतात. श्रीधरचं दर्शन घ्यायला मी एकटाच. रोज संध्याकाळी वही उघडायची, त्याच्याकडे बघायचं, त्यानं माझ्याकडे बघायचं आणि दोघांनी माना खाली घालायच्या.

कादंबरी लिहितोय ही गोष्ट माणसानं चारचौघांत बोलू नये. घर बांधणारा, मुलीचं लग्न ठरवणारा आणि कादंबरी लिहिणारा, या तिघांना वाटेल तो माणूस वाटेल तो सल्ला देतो. पहिल्या दोघांचं निदान कधीतरी उरकतं. मी मात्र पेन्शनच्या रांगेत बोलून बसलो, आणि बातमी इमारतीत माझ्याआधी पोचली. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मग "काय, बरं आहे ना?" ऐवजी "काय, गेला का आत?" असं विचारू लागला.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "एखादा मृत्यू घाला. मृत्यू घातला की कथानक हलतं." मी म्हटलं, "मास्तर, मृत्यू पान १०४ वरच होऊन गेलाय. त्यासाठीच तर तो घरी आलाय." मास्तर विचारात पडले. म्हणाले, "मग दुसरा घाला."

ऑफिसातल्या एका जुन्या स्नेह्यानं सांगितलं, की श्रीधरला जरा मागे न्यावं. म्हणजे दाराशी उभा असताना त्याला बालपण आठवावं. मी ते करून पाहिलं. बालपण आठवता आठवता बावीस पानं झाली, आणि ती संपली तेव्हा तो पुन्हा दाराशीच उभा होता. फक्त हात जास्त दुखत होता. ती पानं मी काढून टाकली.

नातवानं तर कहरच केला. हल्ली सांगितलं की लिहून देणारं यंत्र निघालं आहे. "आजोबा, दोन मिनिटांत आत नेतो तुमच्या माणसाला," म्हणाला, आणि खरोखरच नेलं. यंत्राच्या श्रीधरनं कडी वाजवली, थोरल्या भावानं दार उघडलं, दोघांनी एकमेकांना मिठी मारली, दोघंही हुंदके देऊन रडले आणि त्याच वेळी पूर्वेला तांबडं फुटलं. तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त आमच्या दादानं उभ्या जन्मात कुणाला मिठी मारलेली मला ठाऊक नाही.

सौभाग्यवतीचं धोरण अगदी सरळ. "अहो, आत घ्या त्या बिचाऱ्याला. थंडीत उभा आहे. चहा तरी द्या." एकदा चिडून म्हणाली, "साने गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहून पुरी केली!" हे खरं आहे. १९३३ सालच्या फेब्रुवारीत त्यांनी ते पुस्तक पाच दिवसांत लिहिलं. मी म्हटलं, "त्यांना नाशिकचा तुरुंग मिळाला होता. मला स्वयंपाकघराला लागून असलेली खोली मिळाली आहे. नाशिकच्या तुरुंगात मिक्सर नव्हता." त्यावर ती म्हणाली, "आणि साने गुरुजी आईबद्दल खरं लिहीत होते."

ती हे सहज बोलून गेली. मी मात्र त्या दिवशी मिक्सर नसतानाही लिहायला बसलो नाही.

अडलेला माणूस थोरांची चरित्रं उघडतो. त्यात फार दिलासा असतो. रशियाच्या गोगोलनं 'मृत आत्मे'चा दुसरा भाग १८५२ साली चक्क शेगडीत घातला. हा मार्ग मला आवडला होता. पण आमच्याकडे गॅस आहे, आणि ११७ पानं त्यावर धरली तर कादंबरीबरोबर आमची सोसायटीही साहित्याच्या इतिहासात जमा व्हायची. इंग्लंडचा अँथनी ट्रॉलप पोस्टखात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा. हे त्यानं आत्मचरित्रात स्वतःच सांगून ठेवलंय. मीही घड्याळ ठेवून बसलो. पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द झाले. सगळे कडीबद्दल होते. कडी लोखंडी होती, गंजलेली होती, आजोबांच्या काळातली होती. कडीवर माझ्याइतकं लेखन मराठीत कुणी केलं नसावं.

आपल्याकडे या बाबतीत खरे भाग्यवान व्यास. त्यांना लेखनिक गणपती मिळाला. त्यानं अट घातली की लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. मग जिथं व्यासांना विचाराला वेळ हवा असेल तिथं ते एक कूट श्लोक टाकायचे. गणपती डोकं खाजवत बसायचा आणि तेवढ्यात व्यासांचं पुढचं जुळून यायचं. माझ्या घरी लेखनिकही मीच आणि व्यासही मीच. अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही ही अट पाळली असती, तर ११७ पानंसुद्धा झाली नसती, अशी मी तेव्हा थट्टा करत असे.

सगळ्यांत गोड सल्ला मार्क ट्वेनचा. 'टॉम सॉयर' लिहिताना हस्तलिखिताच्या पान ४०० वर त्याची गोष्ट अडली. काही केल्या पुढे जाईना. त्यानं कागद ठेवून दिले. दोन वर्षांनी काढून पाहिले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आतली टाकी रिकामी झाली होती. आपण झोपलो असताना, दुसरी कामं करत असताना ती आपोआप भरते. पुस्तक १८७६ साली बाहेर आलं. हे वाचून मी निश्चिंत झालो. टाकी भरते आहे, आपण झोपावं. मी झोपू लागलो. दुपारीसुद्धा.

ट्वेनची ही टाकी आम्हा राजापूरकडच्या माणसांना परकी नाही. राजापूरजवळ उन्हाळे गावी गंगा येते. चौदा कुंडं आहेत. एरवी कोरडी असतात, आणि साधारण दर तीन वर्षांनी एक दिवस अचानक वाहू लागतात. काही आठवडे वाहतात आणि आल्या पावली गंगा निघून जाते. अलीकडे ती वेळापत्रक पाळत नाही म्हणा. जाणकार सांगतात की जमिनीखाली वक्रनलिकेसारखी रचना असावी. पाणी आत साठत राहतं आणि एका पातळीला पोचलं की सगळं मिळून बाहेर पडतं. माझ्याही कादंबरीला तीन वर्षं होत आली होती. म्हणजे मुहूर्त जवळ आला होता. हे मी सौभाग्यवतीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "गंगा येते तिथं कुणी बूच मारून ठेवलेलं नसतं."

त्यानंतर तिनं एक गोष्ट केली, जी आमच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात कधी केली नव्हती. तिनं माझं लिखाण वाचलं. दुपारी जेवणं आटोपल्यावर चष्मा लावून बसली आणि संध्याकाळी दिवेलागणीला वही मिटली. मी चहाचा कप घेऊन शेजारीच घुटमळत होतो. लेखक हा प्राणी अशा वेळी फार केविलवाणा दिसतो.

ती म्हणाली, "छान आहे. पण मला एक सांगा. आईची तार आली, हा बिचारा साहेबाकडे धावला, साहेबानं रजा नाकारली, ह्यानं हातापाया पडून पाहिलं, तरी नाकारली. म्हणजे ह्याची काही चूक नाही."

"नाही ना."

"मग हा दार वाजवायला घाबरतो कशाला?"

मी चहा पिऊन टाकला. तो गार झालेला होता हे नंतर लक्षात आलं.

आता वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. श्रीधर म्हणजे मीच. केस तेवढे मी त्याला जास्त दिले आहेत. ६ डिसेंबर १९७९, गुरुवार. दुपारी ऑफिसात तार आली, 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' धाडणारा दादा. मी अठ्ठावीस वर्षांचा, अविवाहित, मुंबईत एका चाळीत कॉट भाड्यानं घेऊन राहणारा. त्याच रात्रीची गाडी पकडली असती तर शुक्रवारी सकाळी आईपाशी पोचलो असतो.

मी शनिवारी थांबलो. शनिवारी आमच्या ऑफिसच्या नाटकाचा प्रयोग होता. स्पर्धेतला. माझं काम डॉक्टरचं होतं. चार वाक्यं. तिसऱ्या अंकात यायचं, नायकाच्या आजारी आईची नाडी पाहायची आणि चष्मा पुसत शेवटचं वाक्य म्हणायचं, "आता सगळं परमेश्वराच्या हातात आहे."

अशाच तारा आधी दोनदा आल्या होत्या आणि दोन्ही वेळा आई उठून बसली होती. दुसऱ्या वेळी तर मी पोचलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती आणि "कशाला खर्च केलास रे?" असं मलाच रागावली होती. तेव्हा याही वेळी तसंच होईल असं मी स्वतःला बजावलं, आणि दादाला उलट तार केली, 'लीव्ह नॉट ग्रँटेड, रीचिंग मंडे.' रजेचा अर्ज मी केलाच नव्हता. आमचे साहेब इतके मऊ होते की मांजरीच्या बाळंतपणालाही त्यांनी रजा दिली असती. कादंबरीत त्यांना मी सोन्याचा दात बसवला, तोंडात चिरूट दिला आणि आठ पानं त्यांच्याकडून रजा नाकारून घेतली.

आई रविवारी पहाटे गेली. मी सोमवारी पहाटे फाट्यावर उतरलो, कोपऱ्यावर चहा घेतला, आणि चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत तेव्हा मला कळलं. घरी पोचल्यावर दादानं एवढंच विचारलं, "रजा मिळाली नाही का रे?" मी म्हटलं, "नाही." झालं. संपलं. नाटकाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. डॉक्टरच्या कामाचा उल्लेख नव्हता. पुढे २०१३ साली सरकारनं तार सेवाच बंद केली. पुरावा मागणारं खातंसुद्धा राहिलं नाही.

हे सगळं मी त्या रात्री सौभाग्यवतीला पहिल्यांदा सांगितलं. तिनं दिवा मालवला आणि बऱ्याच वेळानं अंधारातून म्हणाली, "मग तेच लिहा की."

तेच लिहा! बोलायला काय जातं? मी रात्रभर छताच्या पंख्याशी वाद घातला. कादंबरी म्हणजे काय, सजवलेली थापच ना? लोक थाप ऐकायलाच तर पैसे देतात. मी गावाचं नाव बदललं, ओढ्याची नदी केली, दादाला शाळामास्तर केलं, आमच्या दोन गुंठ्यांच्या परसात पन्नास माड लावले. यातल्या एकाही थापेनं कादंबरी अडली नाही. उलट ती सुसाट पळाली. मग रजेची थापच एवढी घशात का अडकावी?

पहाटे पहाटे उत्तर सापडलं. ओढ्याची नदी मी वाचकासाठी केली होती. वाचकाला नदी आवडते. साहेबाचा सोन्याचा दात मात्र मी माझ्यासाठी बसवला होता. पहिल्या जातीची थाप गोष्टीला वंगण घालते. दुसऱ्या जातीची थाप चाकात खडा होऊन बसते. कारण त्या थापेनं मी श्रीधरच्या पाठीवरचं ओझं काढून घेतलं होतं, आणि पाठीवर काही नसलेला माणूस दाराशी उभा राहून करणार काय? दार उघडलं तरी त्याच्यापाशी बोलायला काही नव्हतं. म्हणून तो बिचारा हात वर करून थांबला होता. तो माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाला. टाकी रिकामी नव्हती. सौभाग्यवती म्हणाली तसं, बूच होतं, आणि ते माझ्याच हातचं होतं. व्यासांची अट थट्टेची नव्हती. मला माझ्याच गोष्टीचा अर्थ समजला नव्हता, म्हणून लेखणी थांबली होती.

शिवाय आणखी एक नाजूक अडचण होती. माझं पाप फार लहान होतं. मोठ्या पापाला कादंबरीत मान असतो. नायक दारू पितो, जुगारात घर घालवतो, परक्या बाईसाठी आईला विसरतो. वाचक म्हणतो, वा, काय शोकांतिका! चार वाक्यांच्या डॉक्टरसाठी आई चुकवणारा नायक कुठल्या प्रकाशकाला दाखवायचा? अपराधाची लाज वाटते हे ठीक आहे. पण अपराध इतका किरकोळ आहे याचीच जास्त लाज वाटते, हे मी त्या पहाटे शिकलो.

तरी मी वही उघडली, सोन्याचा दात उपटला आणि आठ पानं काढून टाकली. आता सपाट्यानं लिहायचं. पण लेखणी टेकवली आणि दुसरा प्रश्न उभा राहिला. हे छापून आलं की लोक म्हणणार, 'काय प्रांजळपणा! स्वतःला सोडलं नाही.' एखादा समीक्षक हेच छापूनही टाकील. आणि या सगळ्याचं पुस्तक झाल्यावर एक प्रत रजिस्टर पोस्टानं दादाला जाणार. दादा चौऱ्याऐंशीचा. हाती येईल ते पहिल्या पानापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचणारा. ज्या एका माणसाला मी खोटं सांगितलं, त्याला खरं कळणार ते पाचशे अनोळखी वाचकांच्या रांगेत उभं राहून. ज्यांचं मी काही लागत नाही त्यांच्यापुढे छाती उघडायची, आणि ज्याचं लागतो त्याला बिल पाठवायचं! याला प्रांजळपणा म्हणावं की आणखी एक नाटक, आणि यात तर माझी वाक्यंही चारपेक्षा जास्त.

तेव्हा आधी दादा, मग कादंबरी, असं ठरलं. पत्र लिहिलं असतं, पण त्याची मला इतकी सवय की तेही मी तीन वेळा सुधारून सजवलं असतं. म्हणून सरळ कोकण रेल्वेनं राजापूर रोडला उतरलो. स्टेशनापासून राजापूर गाव जेवढं लांब आहे तेवढ्या अंतरात माणसाचे कितीतरी निश्चय मोडू शकतात. माझा मोडला नाही, कारण सौभाग्यवती बरोबर होती.

दुपारी दादा ओटीवर झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. मी समोर बसलो. बायका आत होत्या. इतक्या वर्षांनी बोलायचं म्हणजे आवाज आपोआप खाली येतो. मी हलक्या आवाजात म्हटलं, "दादा, आई गेली तेव्हा मी रजा मागितलीच नव्हती."

"काय?"

दादाला ऐकू कमी येतं. श्रवणयंत्र आहे, पण ते खराब होऊ नये म्हणून तो कपाटात ठेवतो.

"रजा! मागितली नव्हती!"

"कोणाची सजा?"

"रजा, रजा! आई गेली तेव्हा! मी खोटी तार केली होती! मी नाटकात काम करत होतो!"

शेजारच्या आगरात माडावर चढलेला गडी कोयता थांबवून खाली पाहू लागला. आतल्या बायकांचं बोलणं थांबलं. पाणंदीतून जाणारी कुणीतरी बाई पाटी डोक्यावर तशीच धरून उभी राहिली. लोक म्हणतात, कबुली कुजबुजत द्यायची असते. मला ती साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी द्यावी लागली.

दादानं खांड तोंडात टाकलं. जरा चावलं. म्हणाला, "ठाऊक आहे."

"कसं?"

"तूच नाही का फोटो पाठवलास? गळ्यात नळी घालून उभा होतास. पुढं पाटी होती, शनिवार, ८ डिसेंबर १९७९. मागे लिहिलं होतंस, 'डावीकडून चौथा मी.'"

मी लिहिलं होतं खरं. फोटोत आपण कसे दिसतो हे घरी कळावं म्हणून महिन्याभरानं मीच पाठवला होता. माणूस पुरावा स्वतःच्या हातानं पोस्टात टाकतो आणि पुढं पंचेचाळीस वर्षं पोस्टमनला भितो.

"मग तू कधी बोलला कसा नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो पाचसात वर्षं. मग म्हटलं, जाऊ दे."

'जाऊ दे' म्हणजे क्षमा केली, की रागच शिळा झाला, की माझ्याबद्दलची अपेक्षाच सोडून दिली, हे मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, आणि विचारलं असतं तर तेही ओरडून विचारावं लागलं असतं. दादा काही मिठीबिठी मारायला उठला नाही. अडकित्ता पुढे करून म्हणाला, "घे, कातर."

संध्याकाळी त्यानं वही मागून घेतली. हातात पेन्सिल. पान ११७ पर्यंत तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पन्नास माडांवर त्यानं खूण केली आणि समासात लिहिलं, 'एवढे कुठले?' मग शेवटच्या ओळीवर थांबला. पेन्सिल कानावर ठेवून माझ्याकडे बघू लागला.

"हे काय? 'बंद दाराची कडी'? आपलं दार दिवसाउजेडी कधी बंद असतं?"

मी मागे वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं. सकाळपासून उघडं होतं. मी त्या घरात वाढलो. दिवसा ते दार लावलेलं मला एकदाही आठवेना.

"आणि त्या दिवशी तर रात्रीसुद्धा लावलं नव्हतं," दादा म्हणाला. "ओटीवर माणसं होती झोपायला. मी इथंच बसलो होतो. तुला खळ्यात शिरताना बघितलं. तू कडीबिडी काही वाजवली नाहीस. माझ्याकडे न बघता ट्रंक ठेवलीस आणि सरळ मागे पाय धुवायला गेलास. मी तिथं येऊन रजेचं विचारलं. तू नाही म्हणालास आणि तोंड धूत राहिलास. बराच वेळ धूत होतास. मग शेजारच्या काकूंनी किटलीतून चहा आणला. सुतकाचं घर ना. तू दोन कप प्यायलास."

तीन वर्षं मी कडीचा गंज वर्णन करत होतो, आणि कडी लागलेलीच नव्हती.

परतीच्या गाडीत मी वही मांडीवर घेतली. 'बंद' हा शब्द खोडला. दार उघडं म्हटल्यावर श्रीधरला उंबऱ्याबाहेर उभं राहायला जागाच उरली नाही. त्यानं हात खाली घेतला, ट्रंक ठेवली आणि थोरल्या भावाकडे न बघता तो मागच्या दारी गेला. चिपळूण येईपर्यंत पाच पानं झाली. सौभाग्यवती खिडकीशी झोपली होती. नाहीतर तिला ऐकवली असती, आणि मग सहावं झालं नसतं.

कादंबरी आता पान १३६ वर आहे. पुन्हा अडली आहे. श्रीधरनं चहा घेतला, आणि आता थोरला भाऊ काही बोलेना. मास्तरांचं मत पडलं, की दुसऱ्या मृत्यूची वेळ आली आहे. मी त्यांना म्हटलं, जरा थांबा. त्याच्या मनात काय आहे हे ज्याला ठाऊक आहे तो अजून हयात आहे, त्यालाच विचारीन.

दर रविवारी दादाचा फोन येतो. फोन घेताना तो हल्ली श्रवणयंत्र लावतो. प्रकृती, पाऊस, सुपारीचा भाव झाला की शेवटी विचारतो,

"काय रे, गेला का तो आत?"

"गेला."

"चहा दिलास?"

"दिला."

"किती कप?"

"एक," मी म्हणतो.

"दोन कर," दादा म्हणतो आणि फोन ठेवतो.